कॉम्प्युटरचा ठण् गेला

तिसऱ्या दिवशीही ड्रायव्हर गाडीत गठ्ठे तसेच घेऊन परत आला, तेव्हा मास्तरांचं टाळकंच फिरलं.

"नऊ गठ्ठे इस्पितळवाल्यांनी उतरवूनच घेतले नाहीत. यादीत नंबर नाही म्हणतात," ड्रायव्हर म्हणाला. "मी काय घरच्या चादरी गाडीत भरतो का मास्तर?"

"चढवताना बघून चढवत जा. डोळे आहेत का बटणं?"

ड्रायव्हर यादी टेबलावर आपटून निघून गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. सातवीतच त्यांचं न् शाळेचं वाजलं होतं. पण धुलाईच्या कारखान्यात नंबर टाकायला त्यांच्याइतका तरबेज माणूस नव्हता, म्हणून मास्तर. इस्पितळांच्या चादरी धुऊन, इस्त्री होऊन गठ्ठ्यांनी यायच्या. प्रत्येक गठ्ठ्याला कापडी पट्टी, त्यावर लाल दोऱ्यानं विणलेला अंगठ्याएवढा नंबर. डाव्या हातानं पट्टी नाकाजवळ धरायची, उजव्या हातानं आकडे बडवायचे, एंटर. पुढचा गठ्ठा. चुकीचा नंबर पडला, नाहीतर एकच दोनदा पडला, की स्क्रीनवर चूक सांगणारा डबा यायचा आणि कॉम्प्युटर करायचा ठण्. मग पुन्हा एंटर मारून डबा घालवायचा आणि तो नंबर नीट टाकायचा. स्क्रीनकडे बघायचं कामच नाही, असं मास्तर छाती फुगवून सांगायचे.

खरं असं होतं, की बघून उपयोग नव्हता. दोन वर्षं झाली, स्क्रीनवरची अक्षरं म्हणजे सांडलेली मोहरी. हे लेकीलाही माहीत नव्हतं. कळलं असतं तर खुर्ची गेली असती आणि पुन्हा इस्त्रीच्या खोलीत, दिवसभर वाफेत उभं राहायचं. गुडघ्यांनी आधीच हात टेकलेले.

दुपारी मॅनेजर बाई येऊन म्हणाल्या, "तीन दिवस तेच चाललंय. उद्यापासून त्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवते. तुमचं काय मत?"

"उतरवाच," मास्तर म्हणाले, आणि रागारागात पुढचा गठ्ठा ओढला. नंबर टाकला. तोच पुन्हा टाकला गेला, त्यांच्या बोटांना कळलं. पण आवाज नाही.

मास्तर थबकले. मुद्दाम नुसते नऊचे आकडे दाबले, एंटर मारला. गप्प. आणखी एकदा. गप्पच. ठण् नाही म्हणजे चुकीचा डबा स्क्रीनवर तसाच उभा, त्यावर टाकलेला पुढचा नंबर हवेत, आणि त्या नंबरचा एंटर नुसता डबा बंद करून मोकळा. एका चुकीपायी एक-दोन गठ्ठे यादीतून गायब. ड्रायव्हर बिचारा बरोबर होता.

त्यांनी स्पीकरच्या वायरी उपसून परत खोचल्या. स्पीकरला दोन थपडा दिल्या. शेवटी लेकीला फोन लावला. ती चपलांच्या दुकानात कामाला.

"बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, त्यावर टिचकी मारा. थांबा, गिऱ्हाईक आहे. सात नंबर नाही ताई, आठ घालून बघा. हां, मारली?"

"कुठला कोपरा? इथं सगळीच चित्रं आहेत."

"चष्मा लावा की."

"लावलाय," मास्तर खेकसले. चष्मा नाकावरच होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

अंदाजानं कुठंतरी टिचकी बसली, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत गेली. खात्री करायला लेकीनं गाणं लावायला सांगितलं. गाणं असं बोंबललं की इस्त्रीच्या खोलीतून बाया डोकावल्या. गाणं वाजतंय, ठण् मात्र नाही. मास्तरांना वाटलं, हे खोकं उचलावं न् धुलाईच्या टाकीत घालावं.

"बाबा, गाणं वाजतं म्हणजे स्पीकर ठीक आहे. इशाऱ्याचे आवाज वेगळे बंद करता येतात. साउंडच्या सेटिंगमध्ये साउंड स्कीम असते, तिथं काय लिहिलंय?"

मास्तरांनी मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करायला लागले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची फोनवाली जेवून आली. नवीनच लागलेली, इस्पितळांचे फोन तीच घ्यायची.

"काय शोधताय मास्तर?"

"ठण् शोधतोय."

"तो मी बंद केलाय सोमवारी, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. भावाला फोनवर विचारून. डॉक्टर बोलत असतात आणि माझ्या कानाशी ठण्, ठण्. एकाला वाटलं मी मुद्दाम ताट वाजवतेय."

"न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? डबा तर येतोच की समोर. वाचायचा."

"नाही दिसत मला," मास्तर म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ चावली. फोन चालूच होता, त्यामुळे लेकीनंही ऐकलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, फोन तिच्याकडे द्या."

फोनवाली वाचत गेली, लेक सांगत गेली. साउंड स्कीमपुढं लिहिलं होतं, नो साउंड्स. ते बदलून डिफॉल्ट केलं, ओके दाबलं. मास्तरांनी पुन्हा नुसते नऊचे आकडे टाकले. ठण्. एवढं होऊनही त्यांना आनंद म्हणून झाला नाही.

"मी कुणाला सांगणार नाही," फोनवाली म्हणाली. "आवाज राहू दे. मी टेबल तिकडं सरकवते."

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण मागच्या दारात ड्रायव्हर गाडीच्या किल्ल्या मोजून मॅनेजर बाईंच्या हातात देत होता. मास्तरांनी स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि उठले.

"बाई, चूक याची नाही. माझी आहे." सगळं सांगितलं. मोहरीपासून ठण् पर्यंत.

ड्रायव्हर म्हणाला, "तीन दिवस मला म्हणताय डोळे आहेत का बटणं."

"म्हणालो खरा."

"वर उतरवायलाही सांगितलंत."

"सांगितलं," मास्तर म्हणाले.

बाईंनी किल्ल्या ड्रायव्हरला परत दिल्या. मास्तरांकडं वळून म्हणाल्या, "उद्या कामावर येऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, तो काय लिहून देतो ते आणा. खुर्चीचं त्यानंतर ठरवू. आता वचन देत नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "ते नऊ गठ्ठे काढ खाली, यादीत घालून देतो."

"तुम्ही बसा. मी पट्ट्या वाचतो," ड्रायव्हर घुश्शातच म्हणाला आणि पहिला गठ्ठा त्यांच्या टेबलावर आदळला.