देवमनच्या पिकअपचा पिवळा बल्ब

मी एक जुना बल्ब आहे, देवमनच्या पिकअपच्या उजव्या हेडलाइटमधला. माझा उजेड पिवळसर. फार लांब जात नाही, पण जिथे पडायला हवा तिथेच पडतो. मित्रांनो, माझ्या पोटात दोन बारीक तारा आहेत. डिपर दिला की खालच्या उजेडाची तार पेटते. माझ्यामागे दिव्यात बसवलेला आरसा तो उजेड रस्त्यावर पाडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात. या कामाचा मला फार अभिमान होता.

चांदूर बाजारहून संत्र्यांचे कॅरेट भरून आम्ही अमरावतीला जायचो आणि दिवस मावळताना रिकामे परत यायचो. गावात आरोग्याचं काम पाहणारी आशाताई रुख्मिणी अडीअडचणीला आमचीच गाडी बोलवायची. एकदा अडलेल्या बाळंतिणीला तिने आमच्या गाडीतून वेळेवर दवाखान्यात पोचवलं. उतरताना म्हणाली, "बरं झालं देवमनभाऊ, तुमची गाडी भेटली." त्या कौतुकातला थोडा वाटा मी मनातल्या मनात माझ्याकडे ठेवून घेतला.

मग रस्त्यावर पांढरे दिवे वाढले. समोरून ते आले की देवमन डोळे बारीक करी, गाडी कडेला घेई. एका संध्याकाळी अशाच झगमगाटानंतर त्याला समोर उभा असलेला रोही, म्हणजे नीलगाय, दिसलाच नाही. ब्रेक लागला, रोही थोडक्यात वाचला.

दुसऱ्याच दिवशी तो अमरावतीला विपुलच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला. "सगळे पांढरे लाइट लावून राहिले. मले रस्ताच दिसत नाही."

"मंग तुमी बी लावा ना," विपुल म्हणाला.

"पोलिसांनी पकडलं तं?"

"कायद्यात बसत नाही, पर पकडते कोण?"

विपुलने आम्हाला उपटलं. माझा डावीकडचा जोडीदार त्याच्या हातून फुटला. मला देवमनने डॅशबोर्डच्या उघड्या खणात टाकलं. आमच्या आरशांपुढे पांढरे एलईडी बसले. परतताना रस्ता दिवसासारखा लख्ख दिसत होता. देवमन खूश होता. मी खणात गडगडत होतो.

मित्रांनो, तो आरसा माझ्या बारीक तारेसाठी घडवलेला होता. त्या दिव्यांचा उजेड त्यात नीट मावत नव्हता. डिपर दिला तरी तो वर उडायचा, समोरच्याच्या थेट डोळ्यांत. देवमनला हे कळणार कसं? तो तर दिव्यांच्या मागे बसलेला.

काही दिवसांनी, दिवेलागणीच्या वेळी, समोरून एक स्कूटी आली. तिने दिवा खालीवर केला. पुन्हा केला. देवमनने डिपर दिला होता, म्हणून तो निश्चिंत होता. स्कूटी डगमगली आणि रस्त्याखाली गेली. देवमनने गाडी थांबवली, धावत गेला. रुख्मिणी नालीत पडली होती. पाय स्कूटीखाली दबलेला.

तिला केबिनमध्ये निजवून त्याने गाडी अमरावतीकडे वळवली.

"ताई, मी तं डिपरवर होतो," तो रडत म्हणाला.

"असान, भाऊ. पर मले निस्तं पांढरं दिसलं. माह्या गाडीचं हँडल बी दिसलं नाही."

दवाखाना येईपर्यंत समोरची प्रत्येक गाडी आम्हाला दिवे खालीवर करून दाखवत होती. आता ते त्याला दिसत होतं.

पाय वाचला, पण वाकडाच राहिला. चौकशीला आलेल्या आरटीओच्या साहेबांनी दिवे पाहिले. "गाडी ज्या दिव्यांनिशी मंजूर झाली, तेच ठेवायचे. हे बेकायदेशीर आहे," ते म्हणाले. देवमनने मान खाली घातली. गॅरेजवाल्याने मला पुसून पुन्हा माझ्या जागी बसवलं. शेजारी नवा जोडीदार आला. मी पेटलो, पण आनंद झाला नाही.

देवमन रुख्मिणीच्या घरी गेला, तेव्हा गाडी दारातच उभी होती. ती अंगणात बाजेवर बसलेली. तिच्या वाट्याच्या घरांमधून आता दुसरी आशाताई फिरते.

"ताई, ते लाइट काढले मी."

"बरं केलं," ती म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन तो निघाला, तेव्हा सवयीने त्याला पोचवायला ती उठू गेली. बाजेची कड धरून अर्धी उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. देवमनने ते पाहिलं. गाडी सुरू करायला त्याला फार वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी गाडीला नवे दिवे लावायला निघालं, तर त्याला एक विनंती करा. अंधारात गाडी उभी करून दिवे लावायला सांगा आणि त्याला स्वतःला समोर उभं करा. डोळे मिटू नका म्हणावं. त्याला तिथून समोरचा रस्ता दिसतो का, एवढंच विचारा.