कोऱ्या वाती

मित्रांनो, मी एक जुना वातीचा स्टोव्ह आहे. तुमच्या घरी गॅस आहे, त्यामुळे तुम्ही मला पाहिलंही नसेल. खाली रॉकेलची टाकी, वर गोल जाळी, आत वाती आणि त्या वर-खाली करायला बाजूला एक चावी, एवढाच माझा संसार. सध्या माझा मुक्काम एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू इथे ठेवतात, म्हणून हिला मुद्देमालाची खोली म्हणतात. माझ्या पायाला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली आहे. एका मुलीला मी जाळलं, असा माझ्यावर आळ आहे. मी तिला जाळलेलं नाही. मोठ्या माणसांना आम्हा वस्तूंचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म मंगरूळपीरचा. तिथे गफ्फारभाईंचं कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करण्याचं लहानसं दुकान होतं. त्यांनी मला जोडून-जोडून बनवलं. टाकी एका मोडक्या स्टोव्हची, पाय दुसऱ्याचे, जाळी कुठल्या तिसऱ्याची. दिसायला मी काही राजबिंडा नव्हतो. गफ्फारभाईंची मुलगी अन्वरी वाशीमला महिला महाविद्यालयात शिकायला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पेटीत कपड्यांच्या खाली दडवलं.

"पंपाचा स्टोव्ह भडकते, तो देत नाही मी पोरीले," ते म्हणाले. "हा वातीचा हाय. गरीब हाय बिचारा. मुकाट जळते."

तिथल्या मुलींच्या वसतिगृहात स्टोव्हला सक्त बंदी होती. म्हणजे मी पहिल्या दिवसापासूनच चोरटा पाहुणा. अन्वरीच्या खोलीत सुचिता होती, मालेगावजवळच्या एका बागाईतदाराची मुलगी. घरी वांगी, मेथी, मिरची पिकायची आणि तिचे बाबा नथ्थूजी दर बाजाराला भाजीची पिशवी एस.टी.ने पाठवायचे. मेसचं वरण इतकं पातळ, की ताटाचा तळ दिसायचा. मग खोलीचं दार आतून लागायचं आणि मला खाटेखालून बाहेर काढायचे. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी, लसणाची फोडणी दिलेली मेथी, कधी नुसता चहा. रॉकेलचा वास लपवायला सुचिता दोन-दोन उदबत्त्या लावायची. रेक्टरबाई दारावरून जाताना म्हणायच्या, "या खोलीतल्या पोरी फार देवभोळ्या हायेत बरं." आत दोघी तोंडात पदर कोंबून हसायच्या.

रमजानात पहाटे सुचिताच आधी उठायची. अन्वरीचे डोळे उघडायच्या आत माझ्यावर दूध तापलेलं असायचं. ईदला मंगरूळपीरहून शीरखुर्मा यायचा, तो माझ्यावर गरम व्हायचा आणि साऱ्या मजल्यावर वाटीवाटीने फिरायचा. रेक्टरबाईंनाही एक वाटी जायची. कुठे गरम केला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आता वाटतं, त्यांना सगळं ठाऊक असावं.

मला त्या दोघींच्या हाताची इतकी सवय झाली होती की कोण पेटवतंय हे काडी ओढण्यावरून कळायचं. अन्वरी एका काडीत पेटवायची. सुचिता तीन काड्या मोडायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस एवढेच. पुढचं ऐकताना मन घट्ट करा.

दुसरं वर्ष संपायच्या आत सुचिताचं लग्न ठरलं. मुलगा वीरेंद्र, नोकरीवाला, तालुक्याच्या गावात राहणारा. नथ्थूजी हरखून गेले होते. भाजी पिकवणाऱ्याच्या पोरीला असं स्थळ आलं, असं ते ज्याला-त्याला सांगत होते. सुचिताला बी.ए. पूर्ण करायचं होतं, पण तिचा विचार कोणी घेतला नाही.

मैत्रिणींनी तिला भेट म्हणून मलाच द्यायचं ठरवलं. त्यांनी मला राखेने आणि चिंचेने घासघासून चकचकीत केलं. अन्वरीने बाजारातून नव्या वाती आणल्या, एकेक करून ओवल्या आणि कात्रीने सारख्या कापल्या. पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या वाती. मग मला लाल जिलेटीनच्या कागदात बांधलं. अन्वरी म्हणाली, "पहिल्यांदा पेटवशीन तवा आमाले याद करजो." सुचिता अन्वरीच्या गळ्यात पडून रडली.

सासरी माझा कागद सासूबाईंनी फाडला. मला पाहून त्यांनी नाक मुरडलं. "आमच्या घरी गॅस हाय. हे भंगार कायले आणलं? टाक माळ्यावर." नवी नवरी मान खाली घालून माळ्यावर चढली आणि मला लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून आली. मी पेटलो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. हे लक्षात ठेवा, कारण सारी कहाणी यावरच आहे.

माळ्यावरून मला खालचं सगळं ऐकू यायचं. वीरेंद्रला फटफटी हवी होती, ती सुचिताच्या बाबांनी द्यावी असं घरचं म्हणणं होतं. आधी टोमणे, मग उपाशी ठेवणं, मग मारणं. सुचिता लोणचं काढायच्या निमित्ताने वर यायची आणि माझ्या टाकीवर हात ठेवून बसायची. खालून हाक आली की डोळे पुसून उतरायची. मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हतं. साधा चहासुद्धा नाही.

एकदा नथ्थूजी आले. टोपलीभर वांगी आणि कोथिंबीर घेऊन आले होते. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"बाबा, मले घरी न्या," सुचिता म्हणाली.

"काहून वं? काही झालं का?"

तिने दाराकडे पाहिलं. सासूबाई हलल्या नाहीत. "काही नाही. तुमची याद येऊन राह्यली."

नथ्थूजी हसले. "यादीनं कोणी घर सोडते का बाई? शेतात काम पडलं हाय. पोया झाला की येतो न्यायले."

सासूबाईंनी चहा ठेवला. नथ्थूजी चहा पिऊन, रिकामी टोपली घेऊन गेले. सुचिताने पिशवी भरून दाराआड ठेवली होती, ती तिने परत रिकामी केली.

पोळा यायचाच होता. एका दुपारी खालून रॉकेलचा भपकारा आला. त्या घरात रॉकेल फक्त कंदिलापुरतं असायचं, कोपऱ्यातल्या डब्यात. मग धावपळ ऐकू आली, आणि सुचिताची एकच किंकाळी. मित्रांनो, तिच्याबद्दल मी याहून जास्त सांगणार नाही. मला ते सांगवत नाही.

त्यानंतर सासूबाईंचा हात माळ्यावर आला. मला भंगार म्हणणाऱ्या त्या बाईने मला पदराने पुसलं. खाली नेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं, टाकीत रॉकेल ओतलं आणि आडवं पाडलं. मग दार उघडून त्या ओरडल्या, "धावा वं, स्टोव्ह भडकला!" सारी गल्ली धावत आली. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मदनसिंग जमादार आले. तेवढ्यात दवाखान्यातून नथ्थूजी आले, आणि त्यांच्याबरोबर अन्वरी. सुचिता गेली होती. अन्वरी माझ्यापाशी खाली बसली. तिने माझी चावी फिरवली आणि वाती वर आल्या. पांढऱ्याशुभ्र.

"साहेब, या वाती पाहा," ती म्हणाली. "पेटली की वात काळी पडते. ह्या वाती म्या सोता लावल्या होत्या. हा स्टोव्ह पेटलाच नाही तर भडकन कसा?"

जमादारांनी वर पाहिलं. "तुमी मयताच्या कोण?"

"मैत्रीण."

"नातेवाइकाले बोलू द्या. मैत्रिणीचं इथं काम नाही." मग ते नथ्थूजींकडे वळले. "बोला, तुमचा कोणावर संशय?"

नथ्थूजींच्या घरी अजून दोन मुली लग्नाच्या होत्या. दारात सारे सोयरे-धायरे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अन्वरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही," ते म्हणाले.

जमादारांनी कागदावर लिहिलं, 'जुना वापरलेला स्टोव्ह, एक'. अन्वरी ओरडली, "वापरलेला नाही!" पण तोवर मला पोत्यात घातलं होतं.

तेरवी झाल्यावर नथ्थूजींना घरात बसवेना. अन्वरीला घेऊन ते ठाण्यात आले आणि वीरेंद्र व त्याच्या घरच्यांविरुद्ध तक्रार दिली. पण न्यायाला पाय फुटायला वर्षं लागली. मी या खोलीत पडून होतो. छत गळायचं, उंदीर फिरायचे. कोऱ्या वातींसारखं मऊ बिछान्याचं सामान उंदरांना आणखी कुठे मिळणार? उरलेल्या वातींना ओल लागली, बुरशी आली. माझ्या डोळ्यांदेखत माझी साक्ष कुरतडली जात होती, आणि मला शुक् म्हणता येत नव्हतं.

अखेर मला कोर्टात नेलं. अन्वरीने सगळं सांगितलं, एक शब्दही न बदलता. समोरच्या वकिलांनी माझी चावी फिरवली. वर आला एक काळा, कुजका गोळा. "दाखवा बाई, कोऱ्या वाती कुठे आहेत?" लोक हसले. मग त्यांनी नथ्थूजींना विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही संशय नाही म्हणाला होता ना?" नथ्थूजी हो म्हणाले. खोटं बोलायला त्यांना येत नव्हतं.

सगळे सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. मला सुळीही मिळाली नाही, मला फक्त परत खोलीत टाकलं. मूळ मालकाला परत द्यावं, असा हुकूम झाला. आणि माझा मालक कोण, तर ज्याच्या घरातून मला उचललं तो वीरेंद्र. तो कधी आला नाही. त्याने दुसरं लग्न केलं. नथ्थूजी मात्र मरेपर्यंत भेटेल त्याला एकच सांगत राहिले, "तिनं म्हटलं होतं, मले न्या. म्या म्हटलं, पोया झाला की."

आज ही खोली रिकामी करताहेत. ज्या वस्तूंचे मालक आले नाहीत, त्यांचा नाश करायचा आहे. हे काम रत्नमाला नावाच्या तरुण पोलीस बाईंकडे आहे. त्या भल्या आहेत, पण हुकमाच्या ताबेदार आहेत.

हे कळल्यावर सकाळी अन्वरी आली. केस पांढरे, हातात काठी. शाळेत मास्तरीण होती, आता घरीच असते. बरोबर तिची नात दुआ होती. दुआला यंदा कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, ती उद्या वसतिगृहात राहायला जाणार आहे.

"नानी, हे काय आहे?" तिने विचारलं.

अन्वरीने तिला रेक्टरबाई सांगितल्या, उदबत्त्या सांगितल्या, तीन काड्या मोडणारी सुचिता सांगितली. दुआ हसली. मग अन्वरीने पुढचं सांगितलं, तेव्हा ती हसायची थांबली. अन्वरीने मला घरी न्यायला मागितलं.

"मालक नाही, नातेवाईक नाही. मले देता येत नाही मावशी," रत्नमालाबाई म्हणाल्या. "हात लावायचा असन तर लावून घ्या."

अन्वरीने माझ्या टाकीवर हात ठेवला. किती वर्षांनी! मला सांगायचं होतं, तू खरं बोललीस, पोरी. साऱ्या दुनियेत तू एकटीच खरं बोललीस. पण मी मुकाट पडून राहिलो. तिने हात काढला आणि ओढणीला पुसला.

जाताना दुआने विचारलं, "नानी, माझं तिथं मन नाही लागलं तर?"

"फोन कर बेटा. म्या येते. वजह गाडीत बसल्यावर सांगजो."

त्या गेल्या. दुपारी माझ्यावर घण पडणार आहे. माझ्याबरोबर सुचिताची शेवटची खूणही पत्र्याचा चुरा होईल, आणि गावात तेच राहील, की तिला स्टोव्हने जाळलं. मला आता कसलीही आशा नाही. पण मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनवणी आहे. तुम्ही उद्या कोणाचे भाऊ व्हाल, बाप व्हाल, आई व्हाल. घरची मुलगी कधी 'मला न्या' म्हणाली, तर पोळ्याची वाट पाहू नका. आधी तिला घेऊन या, कारण नंतर विचारा. ती घरी असली तर स्वतःच्या तोंडाने सांगेल. नसली, तर ते तुम्हाला एखाद्या स्टोव्हला विचारत बसावं लागेल.