आता कुठे गाढ लागली

त्या घरात दुपारचे नियम ठरलेले होते. मुलगा बेकरीत पाव भाजायचा. पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून अकराच्या सुमाराला घरी यायचा, चार घास पोटात ढकलायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. पाठ टेकायचा अवकाश, की घोरणं सुरू. शेजारच्या शिंप्याने तर एकदा येऊन विचारलं होतं, माझं मशीन बंद असताना हे दुसरं कोण चालवतंय म्हणून.

घोरण्याला कुणाची हरकत नव्हती. त्या आवाजात भांडी घासून व्हायची, फोनवर बोलून व्हायचं, बाळाला खुशाल रडता यायचं. खरी शिस्त सुरू व्हायची ती घोरणं थांबल्यावर. सासूबाई ओठांवर बोट ठेवून कुजबुजायच्या, "शू. आता कुठे गाढ लागली." मग नळ बंद, मिक्सर बंद, जो जिथे असेल तो तिथेच पुतळ्यासारखा उभा.

सुनेला याची गंमत वाटायची. पण लेक झाली आणि तिला एक खोड लागली, पहिलटकरणीला लागते तशी: झोपलेल्या पोरीच्या पोटावर तळहात ठेवून श्वास चाललाय ना ते बघत बसायची. एका दुपारी ती अशीच बापलेकीच्या मध्ये बसली होती. नवऱ्याचं घोरणं थांबलं. बाहेर नळ बंद झाला. हाताखाली लेकीचं इवलंसं पोट वरखाली होत होतं आणि ती मनातल्या मनात मोजत होती. पाच झाले, दहा झाले. सहज म्हणून तिने नवऱ्याच्या नाकापाशी बोट धरलं. बोटाला काही लागेना. लेकीचे सतरा श्वास झाले तरी बापाचा एकही नाही. मग बुडता माणूस पाण्यावर यावा तसा तो धाप टाकत मोठा श्वास घेऊन वर आला आणि पुन्हा घोरू लागला. बाहेर नळ सुरू झाला.

पुढच्या तीन दुपारी तिने हेच पाहिलं. चौथ्या दिवशी फोनवर आवाज भरून घेतला, आणि पोरीला लस द्यायला गेली तेव्हा जाता जाता डॉक्टरबाईंना ऐकवला. मधली शांतता आली तशी डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, नाव आहे स्लीप ॲप्निया. दिवसा पेंग येते, हृदयावर ताण पडतो. पण उपाय आहे. त्यांना घेऊन या.

घेऊन या म्हणणं सोपं होतं. नवरा आधी हसला. घोरणं आजार असेल तर निम्मं जग दवाखान्यात झोपवावं लागेल, म्हणाला. तिने त्याच्या कोपरावरचा डाग दाखवला. मागच्या आठवड्यात उभ्या उभ्या डुलकी लागून त्याचा हात भट्टीच्या दाराला टेकला होता. तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं.

"बेकरीत मला कुंभकर्ण म्हणतात, मालक आळशी म्हणतो. तूही म्हण. पण आजारी म्हणू नकोस," तो म्हणाला. "आजारी माणसाला भट्टीपुढे कोण उभं करेल?"

सासूबाईंनी तर विषयच झटकला. याचे बाबा असेच झोपायचे, त्यांचा काय आजार होता? एका दुपारी झोपले ते झोपलेच. कुणाला त्रास नाही, स्वतःला यातना नाहीत. असं मरण भाग्यवंताला येतं, असं सारा मोहल्ला म्हणाला होता. हे सांगताना त्यांचा चेहरा नेहमीसारखा उजळला. एवढ्या वर्षांचा हा आधार आपल्या हाताने काढून घ्यायचा सुनेला धीर होईना.

पण सतरा श्वासही विसरता येईनात. दुसऱ्या दुपारी तिने लेकीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, त्यांचा हात पोरीच्या पोटावर ठेवला आणि नवऱ्याच्या उशाशी बसवलं. एवढंच म्हणाली, "आई, त्याचं घोरणं थांबलं की हिचे श्वास मोजा." आणि बाहेर आली.

अर्ध्या तासाने सासूबाई बाहेर आल्या. चहा समोर तसाच निवला. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावरून आला तर आई चपला घालून दारात उभी. "जेवण नंतर. आधी डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. आईपुढे त्याचं काही चाललं नाही.

दवाखान्यात सून फॉर्म भरत होती. नवरा खुर्चीतच पेंगुळला होता. रक्ताच्या नात्यात कुणाला हा त्रास होता का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. ती "माहीत नाही" लिहिणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "लिही. वडिलांना."

नवरा खडबडून जागा झाला. "आई, बाबा तर झोपेत शांतपणे…"

"शांतच होते. मी दारात बसले होते ना." त्यांचा आवाज खाली गेला. "तुझी आत्या चहाला उठवायला आली. मी तिला परत पाठवलं. म्हटलं, आता कुठे गाढ लागलीय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचं नेमकं काय झालं ते आज सांगता येणार नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हा आजार असतो, असं तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"कुणीच नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार, आजी?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "आता याला सांगा. आजार आहे म्हणून नीट सांगा. आळशी नाहीये माझा मुलगा."

त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोच्या हातातलं पेन घेतलं. जिथे सही करायची होती तिथे सही केली आणि विचारलं, "तपासणीला कधी येऊ?"