सलामीचं बटण

मित्रांनो, टीव्हीसमोर मांडी घालून बसता आणि ज्याची बटणं दाबदाबून जीव काढता, तो व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मीच. जुना आहे, पण लेचापेचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कसबा बावड्यात कारखान्याच्या रस्त्याला अल्ताफभाईंचं गेमिंग पार्लर आहे, तिथे मी कामाला असतो. अल्ताफभाईंचे अब्बा अल्लाउद्दीनचाचा मला ‘रिमोट’ म्हणतात. दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी रुसलो असतो. चाचांना सगळं माफ आहे, ते का ते पुढे कळेलच.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. खोकं उघडलं तेव्हा समोर अल्ताफभाईंचा हसरा चेहरा होता, एवढं मात्र पक्कं आठवतं. सुरुवातीला काय थाट होता माझा! शाळा सुटली की पोरं माझ्यासाठी भांडायची. भडंग खाल्लेल्या तेलकट बोटांनी मला धरायची, जिंकली की कपाळाला लावायची, हरली की गादीवर आपटायची. हळूहळू माझं रबर झिजलं आणि दिशा देणारी डावी कांडी डावीकडेच ओढ खायला लागली. मग बिनवायरचे नवे कंट्रोलर आले आणि माझी रवानगी खणात झाली, संपलेल्या सेलांच्या शेजारी. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मला बाहेर काढलं सुहानानं. ती अल्ताफभाईंची धाकटी बहीण, कॉलेजात शिकते. नवे कंट्रोलर तिच्या हातातून निसटायचे. चाचा शेजारच्याच गाळ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. त्यांनी उरलेल्या काळ्या रेक्झीनचे दोन तुकडे बेतून माझ्या दोन्ही बाजूंना असे चिकटवले, की सुहानाची पकड कधी सुटलीच नाही. माझी तिरकी कांडीही तिनं अंगवळणी पाडून घेतली.

आम्ही खेळायचो तो ‘शनीवाला गेम’. शनीच्या एका चंद्रावर तिघातिघांच्या दोन टोळ्या एकमेकींची यानं पळवतात. बरोबरी झाली, तर दोन्हीकडून एकेक जण पुढे येतो आणि तलवारीचा सामना होतो. आमच्या टोळीचा कप्तान अनेकांत, त्याची बहीण आदिती आणि तिसरी सुहाना. तलवार सुहानाचीच. तिच्यासारखी तलवार अख्ख्या बावड्यात कुणाची नव्हती, कारण ती लहानपणापासून आण्णा वस्तादांकडे मर्दानी खेळ शिकलेली.

आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. आण्णांच्या आखाड्यात हत्यार उचलण्याआधी समोरच्याला सलामी द्यायची रीत. हत्यार खाली करायचं, मान लववायची, मग खेळ. सुहानाचा अंगठा आपोआप माझ्या खालच्या बटणावर जायचा आणि पडद्यावरची तलवार खाली यायची. गेममध्ये मात्र तलवार खाली आली की बचाव सुटतो. गेल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत तिनं अशीच सलामी दिली, समोरच्यानं त्याच क्षणी वार केला आणि आमची टोळी बाहेर पडली. अनेकांत तेव्हापासून धुमसत होता.

यंदा आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. जिंकणारी टोळी पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती. हॉलच्या दारातच अनेकांतनं तिला बाजूला घेतलं.

“सलामी दिलीस, तर पुण्याला तुझ्या जागी नौमानला नेणार. मग आज तुझ्यामुळं जिंकलो तरीबी.”

नौमान पार्लरमधलाच चांगला खेळणारा. सुहानानं मला दोन्ही हातांत घट्ट धरलं. तिचे तळवे घामेजले होते, ते मला कळत होतं.

समोर चंदगडची टोळी होती. बरोबरी झाली. त्यांच्याकडून संयोगिता नावाची मुलगी तलवार घेऊन पुढे आली. तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. पहिला डाव सुरू होताच सुहानाच्या अंगठ्यानं सवयीनं सलामी दिली. संयोगितानं झेप घेतली, सपासप वार केले आणि डाव गेला. अनेकांतनं कपाळावर हात मारला. आदितीनं हळूच विचारलं, मुद्दाम दिलीस का? सुहाना म्हणाली, “पयली सवयीनं दिली. आता ठरवून देणार.”

दुसऱ्या डावात ती आधी भराभर मागे सरकली, वार पोचणार नाही इतकी लांब गेली आणि मग तलवार खाली केली. संयोगिता धावून आली, पण वार हवेत गेला. तोल गेलेल्या मुलीला तिथेच कापता आलं असतं. सुहानानं आधी तिला सावरू दिलं, मग भिडली. सलामीचा सापळा करायचा नाही, हा तिचा हट्ट. तरीही तो डाव आम्ही जिंकलो. मी सांगतो, माझं एकेक बटण अभिमानानं ताठ झालं होतं.

तिसरा डाव सुरू झाला. संयोगिता जागची हलली नाही. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि आपली तलवार खाली केली. सुहानाच्या अगदी हाताशी उभी राहून!

“उघडी हाय, मार की!” अनेकांत ओरडला.

सुहानाचा अंगठा माझ्या वाराच्या बटणावर टेकला होता. एक दाब, की पुणे. एक दाब, की टोळीतली गेलेली जागाही कदाचित परत. मग तो अंगठा सरकून खालच्या बटणावर आला. शनीच्या त्या चंद्रावर दोघी तलवारी खाली करून उभ्या राहिल्या.

त्यानंतर जो सामना झाला, तसा माझ्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता. दोघींचा जीव संपत आला होता. शेवटचा वार सुहानाचा बसला. संयोगिता खुर्चीवरून उठून आली आणि तिनं सुहानाला मिठी मारली.

अनेकांत लांबच उभा होता. सुहानानं मला त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, “मी तिन्ही डावांत दिली. तू बोलल्यावानी कर. ने नौमानला.” अनेकांतनं मला हातात घेतलं. माझी बटणं अंगठ्यानं चाचपली.

“नौमान ऱ्हाऊ दे. पुण्यात तलवारीचा पयला सामना माझा ठेवू,” तो म्हणाला. “तलवार खाली कुठल्या बटणानं करत्यात, त्ये दाव मला.”

मित्रांनो, आमच्यासारख्यांना हात पुसून धरा, हरलात म्हणून आपटू नका, जुने झालो म्हणून खणात कोंबू नका, एवढंच मागणं आहे. आम्हाला मारायचं बटण देऊन धाडलेलं असतं. ते कधी दाबायचं नाही, ते मात्र तुमच्या अंगठ्यानंच आम्हाला शिकवायचं असतं.