दोन चुलींमधली उजू

वैशाखाचं ऊन माणदेशात आधी माळवदांवर उतरतं. खाली गल्ल्या अजून निळसर सावलीत पेंगत असतात, माणगंगेच्या कोरड्या पात्रात पहाटेचा गारवा वाळूला बिलगून पडलेला असतो, आणि वर मात्र सुवर्णाचा पूर आलेला असतो. पांढऱ्या मातीच्या सपाट छपरांवर, अंथरलेल्या धोतरांवर, धोतरांवर गोल गोल पडलेल्या शुभ्र, ओल्या, वाफाळत्या कुरडयांवर तो सारखाच सांडतो. या दिवसांत साऱ्या गावाला गव्हाच्या उकळत्या चिकाचा आंबूस-गोड वास येतो. त्या वासानं पोरं जागी होतात.

पिसाळांच्या घरातली उजू तर वासाच्याही आधी जागी होई. अनुसयेच्या वाकळेतून ती निघे, डोळे चोळत चुलीपाशी येई आणि वाटी पुढं करी. अनुसया चिकाचा गोळा वाटीत घाली, वर दूध, वर साखर, आणि फुंकर घालत बसे. फुंकर पुरे झाली तरी घालतच राही. त्या फुंकरीत तिचं सारं आयुष्य सुखानं बसलं होतं.

अनुसया घरातली थोरली सून, म्हणजे उजूची चुलती. पण तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. उजूला जन्म दिला धाकट्या शालननं. बाळंतरोगानं शालन अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या मुठीएवढ्या जिवाला उचललं अनुसयेनं. तिची स्वतःची कूस कोरडी होती, आणि ओंजळ भरल्यावर कूस कुणी आठवत नाही. शालन पुढं हिंडू-फिरू लागली, तरी उजू अनुसयेला आई म्हणे, आणि शालनला, घरात सगळेच म्हणत म्हणून, धाकटी म्हणे. सगळे हसत. शालनही हसे. ते हसू कसलं होतं हे कुणी निरखून पाहिलं नाही.

आणि घर कसं होतं! श्रावणात अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलेला, हिरव्या पानांतून हिरवं ऊन गळणारं, दोघी जावा एकाच फळीवर उभ्या राहून झोका चढवणाऱ्या. कोजागरीला माळवदावर दुधाचं पातेलं, आणि पातेल्यात चंद्र सापडला म्हणून ओरडणारी उजू. पौषात शेकोटी, शेकोटीत हुरडा, हुरड्याची फुणकी, म्हणजे फोलपटं, एकमेकांवर उडवणारे दोन भाऊ, थोरला सर्जेराव आणि धाकटा दिनकर, तोंडं काळी करून पोरांसारखे हसणारे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. ऋतू येत, उंबऱ्याशी वहाणा काढत आणि घरच्यासारखे आत येऊन बसत. एक चूल, एक धूर, एक हाक. सुख इतकं साधं होतं की त्याची दृष्ट काढायचंही कुणाला सुचलं नाही.

मग एका बाजारात सर्जेरावानं खिलारी खोंड विकलं, दिनकरला न विचारता. दिनकर चारचौघांत बोलला. सर्जेरावानंही तिथंच तोंड सोडलं. खोंड गेलं ते गेलं, आणि त्याच्या मागनं भाऊपणही दावं तोडून गेलं.

भावकी जमली. वाटणी अशी काटेकोर झाली की देवानं पाहिली असती तर तोही लाजला असता. तांब्याला तांब्या, घोंगड्याला घोंगडं. कुरडयांचा सोऱ्या धाकट्याकडं. जातं एकच होतं, तर खालचा दगड थोरल्याला आणि वरचा धाकट्याला. म्हणजे दळायचं दोघांनीही नाही, पण अन्याय कुणावर नको! अंगणातून दोरी धरली तेव्हा लिंबाचं खोड पलीकडं धाकट्याच्या अंगणात गेलं आणि त्याची दुपारची सावली अलीकडं पडली. सावलीचं काय करायचं हे पंचांना उमजेना. तेवढं एक त्यांनी देवावर सोडलं.

उजूचं नाव कुणी काढलं नाही. "पोर काय वाटणीची वस्तू हाय व्हय?" सर्जेराव म्हणाला, आणि माना हलल्या. पण त्या भावकीत एक जुनी रीत होती. चुली वेगळ्या झाल्या की पहिल्या सांजेला जे माणूस ज्या चुलीचा पहिला घास खाईल, ते त्या चुलीचं. म्हातारे, गडीमाणसं, पोरंसोरं, सगळ्यांना तीच रीत. लिहून ठेवायची गरज नव्हती. बघायला चार बाया दारात उभ्या राहिल्या की झालं.

मावळतीला दोन चुली पेटल्या. दोन धूर वर चढले, आणि वर जाऊन, माणसांची लाज न बाळगता, एक झाले. अनुसयेच्या तव्यावर भाकरी फुगली होती. उजू तिच्या पदराला झोंबत होती.

"आई, भूक लागलीया."

अनुसयेनं भाकरी मोडली आणि तिचा हात थबकला. दारात भावकीतल्या बाया उभ्या होत्या, डोळे हातातल्या घासावर. उद्या विहिरीवर काय बोलणं होईल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं: वांझेनं घासावर पोर फितवली. पलीकडं शालन पाठमोरी बसून चूल फुंकत होती. चूल केव्हाच पेटली होती, तरी फुंकत होती. अनुसयेनं एक हाक मारली असती, "धाकटे, राहू दे गं हिला माझ्याकडं," तर शालन कदाचित हो म्हणाली असती. शालननं मागं वळून पाहिलं असतं, तर अनुसयेनं कदाचित विचारलं असतं. पण दोघी मानाच्या. मान राखायचा असला की आमच्या बायका काळीज काढून परड्यात पुरतील.

"जा," अनुसया म्हणाली. "तुज्या आईकडं जेव."

"तूच आई हाईस की."

"जा म्हणते न्हवं!"

उजू गेली. शालननं भाकरीचा पापुद्रा सोलला, दुधात कुस्करला, पोरीच्या तोंडात घातला. दारातल्या बाया पांगल्या. अनुसयेला वाटलं, रीत आजच्यापुरती. उद्या पोर आपल्याच वाकळेत येईल. तिच्या हातातला तुकडा हातातच गार झाला.

मग भिंत आली. खरं म्हणजे भिंती आल्या. सामाईक भिंत नको म्हणून दोघा भावांनी आपापली वेगळी बांधली, एकीला लागून दुसरी, मधे वीतभर फट. त्या फटीत ऊन पडत नसे, पाऊस धड पोचत नसे, नुसती मांजरं शिरत आणि अडकून ओरडत. सर्जेराव दगड रचत म्हणाला, "भिंत जागंत हाय, माणसांत न्हाई. पोर येईल-जाईल." भिंत गळ्याएवढी झाली, डोक्याएवढी झाली, आणि तो रचतच राहिला. पलीकडं दिनकर त्याच्यापेक्षा एक थर वर. एवढ्या जोमानं त्या दोघांनी कधी विहीर खणली असती तर गाव पाण्यानं न्हालं असतं.

श्रावण आला. हिरवा, ओलसर, रेशमी श्रावण. पलीकडं लिंबाला झोका बांधला गेला. अनुसया भर दुपारी, लिंबाची सावली अलीकडं पडे त्या वेळी, त्या सावलीत येऊन उभी राही. झोका चढला की भिंतीवर क्षणभर एक डोकं उगवे, लाल रिबिनींचं, हसऱ्या डोळ्यांचं, आणि ओरडे, "आई!" आणि बुडे. पुन्हा उगवे. "आई!" पुन्हा बुडे. अनुसया वर बघत राही, आणि ओठ तेवढे हलत.

एका दुपारी पलीकडून शालनचा आवाज आला. "कुणाला हाक मारतीस गं? आई हितं हाय." झोका पुन्हा वर आला. डोकं उगवलं, डोळे भिडले, तोंड उघडलं आणि मिटलं. झोका खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो खालच्या फांदीला बांधलेला होता. भिंतीवर मग नुसती पानं हलत.

अनुसयेनं एकदा धीर केला. विहिरीवर दोघीच होत्या, तेव्हा म्हणाली, "धाकटे, पोरीला येऊ दे की अधनंमधनं."

शालननं कळशी खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "आक्का, तुमचं उपकार मी इसरले न्हाई. पर माजी पोर मला धाकटी म्हणायची. माज्याच पोटची. मी हसून ऐकायचे आणि रातच्याला पदर तोंडात कोंबून रडायचे. ते तुमाला कवा दिसलं?"

अनुसयेला ते खरंच कधी दिसलं नव्हतं. हातातल्या पोहऱ्यातलं पाणी ती कळशीत ओततच राहिली, कळशी भरून वाहू लागली, पायावरून पाणी गेलं, तरी ती तशीच उभी. सुखात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं रडणं ऐकू येत नाही. हे तिला कळलं तेव्हा ती स्वतः रडणाऱ्यांच्या बाजूला येऊन बसली होती.

पौष आला. करकरीत, कडवट, काटेरी थंडीचा पौष. अलीकडं एक शेकोटी, पलीकडं एक. सर्जेराव एकटाच हुरडा चोळी आणि फुणकी उडवायला कुणी नाही म्हणून तशीच झाडून टाकी. अनुसयेनं वाटीभर कोवळा हुरडा गड्याच्या हाती पलीकडं पाठवला. वाटी संध्याकाळी परत आली, घासून लखलखीत, आणि रिकामी वाटी परत करू नये म्हणून तिच्यात चिमूटभर साखर. परक्यांशी वागायची रीत शालननं चोख पाळली होती. अनुसयेला वाटलं, शिवी दिली असती तरी चाललं असतं.

चैत्रामागून चैत्र गेले. वाकळेत उजूच्या अंगाची जागा होती, ती आधी पोकळ राहिली, मग अनुसया झोपेत तिथं सरकली, आणि मग ती जागाच राहिली नाही. भिंतीपलीकडून पाढे ऐकू येत, रुसवे ऐकू येत, "आई, केस विंचर" ऐकू येई. पहिल्यांदा ते ऐकून अनुसयेनं सवयीनं फणी उचलली होती. ती फणी तिनं बराच वेळ हातात धरून ठेवली.

मग पुन्हा एक वैशाख. पलीकडं थाळी वाजली, शालनला मुलगा झाला. बाळंतिणीच्या घरात यंदा कुरडया नव्हत्या, साऱ्या गल्लीला ते ठाऊक होतं. उजूच्या वाटीत यंदा चीक पडणार नाही हा एकच विचार अनुसयेच्या डोक्यात घर करून बसला. तिनं गहू भिजत घातले, पाट्यावर वाटले, फडक्यातून गाळले. सर्जेराव म्हणाला, "सोऱ्या न्हाई आपल्याकडं. कुरडया कशानं घालणार?"

"कुरडया कुणाला घालायच्यात?" ती म्हणाली.

उजाडता उजाडता चीक रटरटू लागला. आंबूस, गोडसर, ऊबदार वास उठला, दोन्ही भिंतींवरून गेला, लिंबाच्या पानांत शिरला. अनुसया लाटण्यानं घाटत होती आणि कान दाराकडं. अंगण सोनेरी झालं. कावळे आले. आणि दारात खरंच पावलं वाजली.

उजू उभी होती. उंच झाली होती. नवा परकर-पोलका, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हातात तबक, तबकात हळदीकुंकवाचा करंडा. उंबऱ्याच्या अलीकडं ती आली नाही.

"आमच्याकडं बारसं हाय," ती म्हणाली. पाठ केलेलं, स्वच्छ, गोड आवाजात. "काकी, तुमी या."

"आत ये की गं. बस."

उजू आत आली आणि पाटाच्या कडेवर टेकली, गुडघे जुळवून, तबक मांडीवर घेऊन, परक्या घरी बसावं तशी. अनुसयेनं वाटी घेतली. चिकाचा गोळा, वर दूध, वर साखर. तिनं फुंकर घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली.

"खा. निवलाय."

उजूनं वाटीकडं पाहिलं. तिचं बोट वाटीच्या काठापर्यंत गेलं आणि मागं आलं. मग तिनं मान हलवली, मोठ्या माणसासारखी.

"नको काकी. घरी खाऊन आले."

ती उठली. करंड्यात बोट बुडवून तिनं अनुसयेच्या कपाळी हळद लावली, कुंकू लावलं. बोट लहान होतं, थंड होतं, आणि नेमकं मधोमध टेकलं. मग परकर सावरत ती गेली, ऊन पायांखाली तुडवत, तबक सांभाळत.

अनुसया वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. चिकावर साय धरू लागली. बाहेर माळवदांवर ऊन चढत होतं, शुभ्र धोतरं अंथरली जात होती, घराघरातून पोरांचा कल्लोळ उठत होता. आणि गल्लीतल्या पुढच्या घराच्या दारातून, अगदी त्याच सुरात, तितक्याच गोड आवाजात, ऐकू आलं:

"आमच्याकडं बारसं हाय. काकी, तुमी या."