दोरायताईचे वार

दोरायताई फिलिपिन्सच्या सेबू बेटावर आर्निस शिकवायची. वेताच्या दोन काठ्यांची ही लढाई ती लहानपणी बापाकडून शिकली होती. मी तिची शिष्या. शहरातल्या एका गेम कंपनीने तिला बोलावलं, तेव्हा मीही सोबत गेले.

दिग्दर्शक आन्सेल्मो म्हणाला, "आमची नायिका योद्धा आहे. तिला तुमचे हात हवेत."

अंगभर चमकते ठिपके लावून ताई कित्येक दिवस हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यांपुढे लढली. शेवटी त्याने तिच्याकडून मार खातानाचे आवाज मागितले. ती दात आवळून कण्हली.

"अहो, गोड ओरडा जरा!" तो हसला. "ऐकणाऱ्याला मजा यायला हवी."

ताईने ओरडून दिलं.

मग गेमची झलक आली. ताईचे सगळे वार एका दाढीवाल्या पुरुषाला दिले होते. तिचा चेहरा मात्र कोवळा करून एका बाईला चिकटवला होता. छातीवर टिकलीएवढं चिलखत, हात बांधलेले. येईल तो राक्षस तिला मारायचा आणि ती ताईच्या आवाजात गोड ओरडायची. बाजारात ताई दिसली की लोक तो आवाज काढून खिदळू लागले.

ताईने जाब विचारला. आन्सेल्मो म्हणाला, "बाईला लढताना कोण बघतं? आणि करारावर सही केलीय ना तुम्ही?"

"केलीय," ताई शांतपणे म्हणाली. "गेमच्या उद्घाटनाला लढत करून दाखवू का?"

तो खूश झाला.

मॉल खच्चून भरला होता. कंपनीने पाठवलेला टीचभर पोशाख ताईने पिशवीतून काढलाच नाही. रोजच्या सुती पायजम्यात मंचावर चढली आणि माइकवर म्हणाली, "एकटीने काय लढू? सर, या ना वर!"

शिट्ट्या वाजल्या. त्याला माघार घेता येईना. मी त्याच्या हातात काठी दिली.

पहिला फटका बोटांवर. काठी उडाली. दुसरा मनगटावर, तिसरा मांडीवर. लोकांना वाटलं, सगळं ठरवून चाललंय. टाळ्या पडत राहिल्या. तो खाली कोसळून खराखुरा विव्हळला, तेव्हा ताईने माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"गोड ओरडा जरा, सर."

टाळ्या थांबल्या. मागे कुठेतरी एक बाई मोठ्याने हसली. मग तिच्या आजूबाजूच्याही.

आन्सेल्मोने आमच्या बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, पंचांकडे तक्रार केली. तोवर मंचावरचा व्हिडिओ गावभर फिरला होता आणि त्याच्या जोरावर गेम दणकून खपत होता. बांधलेली बाई तशीच ओरडत होती. हे ताईला ठाऊक होतं, म्हणूनच ती पंचांपुढे बसली तेव्हा तिचा जबडा आवळलेला होता. समोर आन्सेल्मो, उजव्या हाताला प्लास्टर.

"दोराय, माफी माग आणि मिटवून टाक," पंचप्रमुख, म्हणजे आमचे कपितान, समजुतीने म्हणाले. "रागाच्या भरात होतं असं."

"रागाच्या भरात नाही, कपितान. ठरवून मारलं."

"बरं, पण आता झालं ना समाधान?"

ताईने आन्सेल्मोकडे नीट निरखून पाहिलं. त्याने खुर्ची मागे सरकवली.

"कुठलं?" ती म्हणाली. "डावा हात शाबूत आहे अजून त्याचा."