बरं वाटलं म्हणून सोडलेल्या गोळ्या

घरात कुणाला मधुमेह असला की आपण चारचौघांत पथ्यपाण्याच्या गप्पा मारतो. पण कुणाचं मन आजारी पडलं, की आधी खिडक्या लावून घेतो. शिवणकाम करणाऱ्या ताईनेही तेच केलं.

तिचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटरच म्हणत. ऐन तारुण्यात त्याला बायपोलर आजार जडला. कधी मन असं उधळायचं की झोप नाही, भान नाही. कधी असं खचायचं की अंथरुणातून उठवत नसे. डॉक्टरीणबाईंनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू घडी बसली. पेंटर शीळ घालत पुन्हा शिडीवर चढला.

एकदा कपडे न्यायला आलेल्या बाईंनी मशीनजवळच्या गोळ्यांचं पाकीट उचलून नाव वाचलं.

"अगंबाई! या वेडाच्या गोळ्या ना? कोण घेतं?"

"कुणी नाही. जुन्या आहेत," ताई गडबडून म्हणाली.

त्या संध्याकाळी ती भावाला म्हणाली, "आता धडधाकट आहेस. कशाला हवंय हे लचांड? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"डॉक्टरीणबाई रागावतील गं."

"त्यांना बोलायला काय जातंय? इथे मला राहायचंय!"

आणि तिने गोळ्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पेंटरची झोप उडाली. एका सकाळी पाहतात तो काय, न विचारताच त्याने रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची शटरं सोनेरी रंगवलेली! किराणावाल्याने त्याची कॉलर धरली, तर हा खदाखदा हसत सुटला. काही आठवड्यांनी ते हसू आटलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. ताई चमच्याने भरवायची, पण घास तोंडातच राहायचा.

"ताई," तो पुटपुटला, "मी गेलो तर तू सुटशील गं. मी ठरवलंय."

तिच्या हातातली वाटी खाली पडली. ज्या शेजाऱ्यांपासून सगळं झाकलं, त्यांच्याच दारांवर ती थापा मारत सुटली. "धावा हो! माझ्या भावाला इस्पितळात न्यायचंय!"

पहिला धावला तो किराणावाला. त्यानेच पेंटरला उचलून रिक्षात बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी," पेंटर खाली मान घालून म्हणाला.

ताईला वाटलं, मनात एवढा अंधार असतानाही हा मलाच पाठीशी घालतोय!

"नाही, मी टाकल्या," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. "बरा झाला होता हो तो!"

"बरा गोळ्यांमुळेच होता, बाई," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट सांगते. एका डॉक्टरने इस्पितळाच्या पडीक स्वयंपाकघरात हे औषध शोधलं. हा साधा क्षार, खडकात सापडणारा. आधी प्राण्यांना दिला, मग स्वतः घेऊन पाहिला आणि मगच वर्षानुवर्षं कोंडून पडलेल्या एका रुग्णाला दिला. तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, कामाला लागला!"

"मग?"

"मग बरं वाटतंय म्हणून औषध सोडलं आणि परत तिथेच आला. हे औषध जास्त झालं तर जिवावर बेततं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. ते काम माझं. पण लाजेवर माझ्याकडे गोळी नाही. ती लाज तुम्हालाच सोडायला हवी."

पेंटरला दाखल करून घेतलं. गुण लवकर येईना. ताई त्याच्या उशाशी बसून राहायची. आपल्या हातांकडे पाहून तिला शिसारी यायची. अखेर एका दुपारी तो आपणहून उठून बसला आणि म्हणाला, "ताई, भूक लागलीय." ती त्याच्यासाठी खायला आणायला बाहेर धावली.

बाकावर एक गृहस्थ मुलीला हळू आवाजात सांगत होते, "आता बरी आहेस ना? मग बंद करू गोळ्या. उगाच बभ्रा नको."

ताई थबकली.

"दादा, असं करू नका!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी केलं. आत माझा भाऊ आहे. गमावलाच होता मी त्याला, थोडक्यात वाचला!"

मंडळी, औषध शोधणाऱ्याने आपलं काम केलं. ते आपल्या माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं की लोकलाजेपायी फेकायचं, हे आपल्या हातात आहे. आजार लपवल्याने घराची अब्रू राहत नाही. घरातलं माणूस मात्र जातं!